खंभा पार्टीचे वस्ताद

वस्ताद चहासुद्धा हाताच्या खुणेनं ओतून घ्यायचे. किटली वाकली की त्यांची करंगळी हळूहळू खाली यायची, म्हणजे सावकाश सोड. पेला भरत आला की पंजा आडवा, आणि शेवटी मूठ बंद. मूठ बंद म्हणजे बस्स, आहे तिथं थांब. क्रेनवाल्याला खालून करायच्या त्याच या खुणा. चहावाला नवखा असला आणि मूठ दिसूनही त्यानं घोटभर जास्त ओतला, तर वस्ताद पेल्याकडे बघत म्हणायचे, "हा गर्डर असता तं चार जण गेले असते."

खानावळीत भात हवा असला की तर्जनी वर करून गोल फिरवायचे. माल वर उचलायची ही खूण. वाढणारा पोऱ्या बिचारा छताकडे पाहायचा.

धंदा हातापायांत मुरलेला माणूस तुम्हीही एखादा पाहिला असेल. पण बाकीच्यांचा धंदा त्यांच्यापुरताच राहतो. वस्तादांचा आम्हा अकरा जणांच्या अंगात उतरला, आणि त्यापायी भिलाईच्या मैदानावर आम्ही फुटबॉलचा एक अख्खा मोसम हरलो. अशी दरिद्री टीम भिलाईनं त्याआधी पाहिली नव्हती. नंतर पाहिली असेल तर मला ठाऊक नाही. मी पुन्हा कधी मैदानाकडे फिरकलो नाही.

भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. मी पवनीहून आलो होतो. सातवीत शाळा सुटली, घरचा माग बंद पडला, आणि गावातला एक जण तिकडे जात होता म्हणून त्याच्या मागं मीही गाडीत बसलो. तो आठवड्यात परत गेला. मी राहिलो, कारण परत जाऊन करायचं काय हे मला सुचत नव्हतं. एका ठेकेदार कंपनीकडे लोखंड उभारायचं काम होतं. मोठमोठे खांब, तुळया क्रेनला बांधायच्या, दोरानं ताणून धरत जागेवर न्यायच्या. त्या टोळीचे मुख्य म्हणजे वस्ताद. तुमसरकडचे. उमर रेल्वेच्या पुलांवर गेलेली. गळ्यात सुतळीला पितळेची शिट्टी. नाव कोणी विचारत नसे आणि तेही कोणाचं विचारत नसत. ज्या गावाहून आला, तेच त्याचं नाव.

पहिल्या दिवशी त्यांनी मला खालून वर पाहिलं.

"काय शिकला बे पवनी?"

"सातवीपर्यंत जी."

"त्यात उभं राह्यले शिकवलं का?"

ते शिट्टी बोटात धरून म्हणाले, "लांब वाजली का जिथं असशील तिथं गडून राह्यचं. विंचू चावला तरी पाय हालला नाही पायजे. वर पाह्यचं. मी बोट दाखवन, त्यानंच हालायचं. पळाला तं पळशील सरळ गर्डरखाली. खालच्याले दिसत नाही गर्डर कुठं पडते. मले दुरून दिसते."

एवढीच त्यांची शाळा. शिट्टी वाजली की टोळी जागच्या जागी, तोंडं आभाळाकडे. मग वस्ताद एकेकाकडे बोट करायचे, आणि ते बोट ज्या बाजूला वळेल तिकडे त्यानं निघायचं. तोपर्यंत नाही. चुकलो तर त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "तुमच्यापेक्षा हे खांब बरे. जिथं उभे केले तिथं तरी राह्यतात." हे वाक्य आम्ही दिवसातून इतक्यांदा ऐकायचो की खांबांचा राग यायला लागला होता.

मला मात्र त्यांचा राग आला नाही. परमुलखात मला कोणी काम दिलं होतं, तेही न ओळखता. शिव्या खाताना मी मनात हात जोडूनच असायचो. भीती एकच होती. उभारणी संपत आली की छाटणी होणार, असं रोज कोणीतरी म्हणायचं. माणसं चहा पितापिता म्हणायची, आणि माझा चहा तिथंच थंड व्हायचा.

अशात कंपनीच्या साहेबाच्या डोक्यात फुटबॉल शिरला. दुसऱ्या खात्यांच्या टीमा होत्या. त्यांनी खेळाडूच नोकरीला ठेवले होते, कलकत्त्याकडचे, जालंधरकडचे. हजेरीवर फिटर, हातात कधी पाना नाही. सकाळी अंडी, संध्याकाळी सराव. आमच्या साहेबाला तसे गडी आणायचे नव्हते, पण टीम मात्र पाहिजे होती. तो वस्तादांना म्हणाला, "सीटी तो तुम्हारे पास है ही. कोच बन जाओ."

वस्तादांनी फुटबॉल लांबूनच पाहिला होता, आणि त्यांचं मत वाईट होतं. "बावीस माणसं अन् एक चेंडू. तोबी हवेनं भरलेला. आमी सहा जणांत अख्खा पूल चढवला." पण साहेबानं पुढचं वाक्य टाकलं. मोसमात एक मॅच जिंका, एकच. अकराही जणांना छाटणीच्या आधी कारखान्यात पक्की नोकरी लावून देतो, तिथं माझी ओळख आहे. आणि वस्तादांना सेक्टरमध्ये, म्हणजे कारखान्याच्या वसाहतीत, क्वार्टर.

क्वार्टरचं नाव काढलं आणि वस्ताद कोच झाले. त्यांची बायको तुमसरला होती. मजुरांच्या कॅम्पातल्या टीनच्या झोपडीत ती एकदा येऊन राहिली, आणि पक्क्या भिंती होतील तेव्हाच बोलवा म्हणून निघून गेली. हे त्यांनीच सांगितलं होतं, तेही तिच्यावर चिडून. "मले म्हणते, साऱ्या दुनियेचे खांब उभे करता, आपल्या घराचा एक नाही." असं म्हणून पचकन थुंकले होते.

टीम निवडताना त्यांनी टोळीचाच हिशोब लावला. उंचावर ज्याचे पाय कापत नाहीत तो पुढं. गोलात बुधराम. हा इथलाच, कुरुदचा, म्हणून त्याला नाव होतं. काम त्याचं लाल तापलेले रिव्हेट, म्हणजे लोखंड जोडायचे खिळे, बादलीत झेलायचं. खालून भट्टीवाला चिमट्यानं फेकायचा, आणि हा वर फळीवर उभा राहून टण्णकन झेलायचा. हात खरंच पक्का. पण बादलीशिवाय झेलायची सवय नव्हती. चेंडू आला की दोन्ही हातांची ओंजळ पुढं करायचा आणि चेंडू ओंजळीत पडायची वाट पाहायचा. वस्ताद लाईनीबाहेरून ओरडायचे, "प्रसाद घेऊन राहिला का बे?"

मी डाव्या बाजूला, कारण मी जोरात पळायचो. पळायचो भीतीनं, पण वस्तादांना त्याच्याशी घेणंदेणं नव्हतं.

पहिली मॅच हरणार होतोच. पण कशी हरलो ते पाहणाऱ्यांना वर्षभर पुरलं. खेळ रंगात होता, चेंडू चक्क आमच्याकडे होता, आणि लांब कुठंतरी दुसऱ्या टोळीच्या मुकादमानं लांब शिट्टी मारली. आमचे अकराही जण जागच्या जागी थांबले. तोंडं आभाळाकडे. विमान आलं असेल म्हणून प्रेक्षकांनीही वर पाहिलं. वर काहीच नव्हतं. समोरच्या टीमनं थोडा वेळ आमच्याकडे पाहिलं, मग चेंडू उचलल्यासारखा घेतला, आमच्या मधून चालत गेले आणि गोल केला. बुधराम ओंजळ पुढं करून ढग बघत होता.

मैदानाकडेला काम करणाऱ्या रेजा, म्हणजे पाट्या वाहणाऱ्या बाया, बसल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "देख ओ, ए मन तो खंभा बन गे." म्हणजे, हे तर खांबच झाले. तेव्हापासून आम्ही खंभा पार्टी.

पुढच्या मॅचला समोरच्यांची माणसं बाजारातल्या टीनच्या शिट्ट्या घेऊन आली. पंचानं दोनदा दम दिला, पण वाजवणारा हाती लागला नाही, आणि खरं म्हणजे पंचालाही हसू आवरत नव्हतं. त्यानंतर प्रत्येक मॅचला तेच. आम्ही ठरवून जायचो की आज थांबायचं नाही. पण ठरवलं डोक्यानं होतं, आणि थांबायचे पाय. एक रशियन इंजिनियर स्टूल घेऊन यायचा. प्रत्येक गोलाला मान हलवत म्हणायचा, "प्लोखो." त्याच्या दुभाष्यानं सांगितलं, म्हणजे वाईट. कॅम्पातल्या पोरांना शिट्टी आणि हा शब्द, दोन्ही मिळाले. आम्ही नळावर आंघोळीला गेलो तरी मागून शिट्टी यायची, आणि डोळ्यांत साबण गेलेला असताना आम्ही आभाळाकडे पाहत उभे.

वस्ताद परतीच्या वाटेवर आमच्यापासून दहा हात पुढं चालायचे, ओळख नसल्यासारखे. झोपड्यांपाशी आलो की वळून एकदाच बोलायचे.

"उभंच राह्यचं होतं तं बाजारात राह्यचं होतं. मैदानात कावून आले?"

एकदा मी धीर करून म्हणालो, "तुमीच तं शिकवलं जी."

"मी शिकवलं तेवढंच आलं तुमाले. आईबापानं शिकवलेलं काई आलं नाही."

शेवटी साहेबानं त्यांना बोलावून घेतलं. ही सवय मोडा, म्हणाला. मोसम संपत आलाय, आणि माझी सगळीकडे चेष्टा होतेय. साहेबाची चेष्टा होत होती खरी. आम्ही मेलो असतो तरी त्याची एवढी झाली नसती.

मग रोज संध्याकाळी उलटी शाळा सुरू झाली. आम्ही चेंडू घेऊन पळायचो, वस्ताद तीच पितळेची शिट्टी लांब वाजवायचे, आणि जो थांबेल त्याच्या पोटऱ्यांवर दोराचं टोक. "पळ. पळ बे. थांबला कावून?" दिवसभर साइटवर थांब, आणि संध्याकाळी पळ. बुधरामला हे जमेचना. त्याच्या पोटऱ्या काळ्यानिळ्या झाल्या. मला सगळ्यात आधी जमलं. मला नोकरी सगळ्यांपेक्षा जास्त पाहिजे होती, त्यामुळे असेल. शिट्टी वाजूनही माझे पाय पळत राहिले तेव्हा वस्ताद म्हणाले, "पवनी शिकला." त्यांच्या तोंडून माझ्याबद्दल एवढी चांगली गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली. पण बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. दोर गुंडाळत बसले.

त्यानंतरची मॅच आम्ही हरलो, पण एकाच गोलानं. शिट्ट्या वाजल्या आणि निम्मे जण पळत राहिले. साहेबानं पेढे वाटले. हरल्याचे पेढे वाटणारा माणूस मी तेवढाच पाहिला. आता शेवटची मॅच राहिली होती, आणि आम्हाला खरंच वाटायला लागलं की जिंकू.

त्याच आठवड्यात एक तुळई वर चढत होती. मी दुसऱ्या तुळईचे दोर आणायला चाललो होतो. वर काहीतरी सुटल्याचा आवाज झाला, आणि वस्तादांची लांब शिट्टी वाजली. टोळी थांबली. मी ऐकली, अगदी स्वच्छ ऐकली, आणि माझे पाय चालतच राहिले. पोटऱ्यांना दोर आठवला आणि उलट वेग वाढला.

बुधराम वाटेत उभा होता. हातात ताणलेला दोर, तोंड आभाळाकडे. त्यानं दोर सोडला नाही, जागाही सोडली नाही. फक्त एक पाय आडवा घातला. मी तोंडावर पडलो, आणि माझ्यापुढं चार हातांवर तुळईचं टोक जमिनीत घुसलं. धुळीत काही दिसेना. माझ्या दातांत माती होती. कोणी हललं नाही. बऱ्याच वेळानं धुळीतून वस्तादांचं बोट दिसलं. ते माझ्याकडे रोखलेलं होतं, मग हळूच डावीकडे वळलं. मी रांगत डावीकडे गेलो.

ते जवळ आले. बुधरामला म्हणाले, "असा पाय मैदानात कधी घातला नाही बे तू."

एवढं बोलून ते चहाच्या टपरीवर जाऊन बसले. चहावाल्यानं ओतायला सुरुवात केली. करंगळी खाली आली नाही, पंजा आडवा झाला नाही. चहावाला मुठीची वाट पाहत ओतत राहिला. पेला भरला, चहा त्यांच्या बोटांवरून, मनगटावरून मांडीवर सांडला. कढत होता. वस्ताद तसेच बसून राहिले. मी त्यांच्या हातातून पेला काढून घेतला, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मी शिकवलं तुले हे."

शेवटच्या मॅचच्या दिवशी मैदानात जायच्या आधी त्यांनी आम्हाला गोल उभं केलं. साहेब मंडपात खुर्चीवर बसला होता, बाजूला हारांची परडी.

"शिट्टी वाजली का उभं राह्यचं," वस्ताद म्हणाले. "पंचाची असो, पोराची असो, कोणाचीबी असो. जो हालला, त्यानं उद्यापासून माझ्या टोळीत येऊ नये."

कोणीतरी म्हणालं, "मंग नोकरी वस्ताद?"

"जाईन नोकरी."

"अन् तुमचं क्वार्टर जी?" हे मी विचारलं.

"माझी बायको तीस वर्सं थांबली. तिले सवय आहे. तुमच्या मायांनी थांबून काय करावं, तुमी गेल्यावर?" मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "तसेबी तुमी जिंकून राहिले नव्हते. तोंडं पाहा आपापली."

गंमत अशी, की त्या दिवशी आम्ही बरे खेळलो. मोसमातला आमचा पहिला गोल झाला. चेंडू माझ्या नडगीला लागून गेला, पण गोल तो गोल. रेजांनी टाळ्या वाजवल्या. साहेब उभा राहिला. खेळ संपायला थोडा वेळ उरला तरी आम्ही पुढं होतो, आणि माझ्या डोळ्यांपुढं पक्क्या नोकरीची सगळी चित्रं येऊन गेली. पवनीला कळवायचं पत्रही मी मनात लिहून टाकलं.

मग शिट्ट्या वाजल्या. एक नाही, दोन नाही, साऱ्या बाजूंनी. समोरच्यांनी शेवटपर्यंत राखून ठेवल्या होत्या.

मी थांबलो. चेंडू माझ्या पायापाशी होता, आणि मी त्याच्याकडे पाहिलं नाही. वर पाहिलं. आभाळ नुसतं पांढरं होतं. मागं-पुढं न पाहताही मला माहीत होतं की बाकीचे दहाही थांबलेत. पाय ओढ घेत होते. ते धरून ठेवायला मला जेवढी ताकद लागली, तेवढी कोणता दोर धरायलाही लागली नव्हती. कोणीतरी माझ्या पायातून चेंडू काढून नेला. हसण्याचा आवाज आला, गोल झाल्याचा आला, पुन्हा एक झाल्याचा आला. शिट्ट्या थांबल्या तेव्हा मी मान खाली घेतली. पाहतो तर तो रशियनही स्टुलावरून उठून वर पाहत उभा होता. लोखंड उभारायलाच आला होता तो. मग लाजून खाली बसला. त्या दिवशी 'प्लोखो' म्हणाला नाही.

साहेब हारांची परडी तिथंच टाकून गेला. वस्ताद आमच्याकडे आले. दहा हात पुढं गेले नाहीत, आमच्याबरोबर चालले. झोपड्यांपाशी आलो. मग म्हणाले, "राहिले बे. जिथं उभे केले तिथं राहिले." खांबांचं नाव त्यांनी काढलं नाही.

छाटणी लागली. वस्तादांनी त्या दिवसांत एक काम केलं. आम्हाला एकेकाला घेऊन ते कारखान्यातल्या ओळखीच्या फोरमनांकडे हिंडले. शिफारस त्यांच्या पद्धतीची. रोलिंग मिलच्या फोरमनपुढं मला उभं करून म्हणाले, "याले घ्या. शिकला नाही, खेळता येत नाही, बोलता येत नाही. पण शिट्टीवर उभा राह्यते."

फोरमन हसला. "हा त्या खंभा पार्टीतला का? मी पाहिली ती मॅच." त्याच्या डोक्यावरून दिवसभर क्रेन फिरायची. त्याला आणखी काही विचारायचं नव्हतं.

वस्तादांनी माझ्याकडे बोट केलं, मग ते बोट मिलच्या शेडकडे वळवलं. मी गेलो. वळून पाहिलं तेव्हा ते बुधरामची मान धरून पुढच्या दारी चालले होते.

स्वतःसाठी त्यांनी कोणाला विचारलं नाही. कुठल्याशा धरणाच्या कामावर गेले, असं ऐकलं. एकदा तुमसरला उतरून मी चौकशी केली. नाव माहीत नसलेल्या माणसाची चौकशी जशी होते, तशी झाली. मी पक्क्या भिंतींत राहिलो, पोरांची लग्नं केली, पेन्शनीत निघालो, आणि त्या भिंतींकडे पाहून दर वेळी मला चोरट्यासारखं वाटलं.

परवा इथं भिलाईतच सिविक सेंटरला भाजी घेऊन रस्ता ओलांडत होतो. ट्रॅफिक पोलिसानं लांब शिट्टी मारली. मी रस्त्याच्या मधोमध थांबलो, तोंड आभाळाकडे. स्कूटरवाले शिव्या देत बाजूनं जायला लागले. मान न हलवता नजर जरा खाली आणली, तर पलीकडे मिठाईच्या दुकानापुढं आणखी एक म्हातारा तसाच उभा. वर पाहत. दोन्ही हातांची ओंजळ पुढं.

बुधरामनंही मला पाहिलं असावं. पण तो हलला नाही, आणि मीही नाही. पोलीस ओरडत होता, चला, चला. आम्ही दोघंही बोटाची वाट पाहत होतो.